सोळावे छिद्र

मित्रांनो, कौसल्याबाईंच्या शिवणयंत्राशेजारी मला ठेवले, तर अनोळखी माणसाला मीही एक शिवणयंत्रच वाटेन. माझी उंची तेवढीच, वजनही जवळपास तेवढेच, आणि मलाही एक सुई आहे. पण माझी सुई कापडातून जात नाही, ती काचेतून जाते. काचेच्या पातळ पट्टीला दोऱ्याएवढे बारीक छिद्र पाडायचे, काचेवर केसासारखी बारीक वाट कोरायची, हा माझा धंदा. आज मी नागपूरजवळच्या वाडीला, अमरावती रोडच्या मागच्या गल्लीत, रुपराव गजभिये आणि त्यांच्या पत्नी कौसल्याबाई यांच्या घरी राहतो. माझ्या डोक्यावर भिंतीला बुद्धाची तसबीर आहे आणि खिडकीबाहेर ट्रान्सपोर्टची गोदामे आहेत. माझा रंग उडाला आहे, एक स्क्रू मूळचा नाही. तरी मी सुखात आहे, आणि हे सुख मला कोणाकोणामुळे मिळाले ते सांगण्यासाठीच आज बोलायला बसलो आहे.

माझा जन्म एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये झाला. नागपूर जिल्ह्यातल्या कुहीजवळच्या एका खेड्यातली वंदना ठवकर नावाची मुलगी तिथे एम.टेक. करत होती. तिच्या घरी धानाची शेती. घरातली पहिलीच मुलगी इतकी शिकलेली. तिच्या मनाने घेतले होते की काचेत बारीक काम करणारे यंत्र टेबलावर मावेल एवढे लहान करायचे. रुपराव त्या वर्कशॉपमध्ये तंत्रज्ञ होते. लेथ, ड्रिल, वेल्डिंग, सगळ्यात त्यांचा हात बसलेला. तीस वर्षांत त्यांनी शेकडो मुलांचे प्रोजेक्ट उभे करून दिले होते, पण कागदावर त्यांचे नाव कधी आले नव्हते.

त्या दोघांनी मला जमेल त्या वस्तूंतून घडवले. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेने टाकून दिलेला सूक्ष्मदर्शक हा माझा सांगाडा झाला. त्याची नळी वरखाली करणारा जो स्क्रू होता, तोच माझी सुई अलगद खाली उतरवू लागला. टॉर्चच्या जुन्या सेलमधून काढलेली काळी कांडी माझा विजेचा दुसरा ध्रुव झाली. पारदर्शक प्लॅस्टिकची एक डबी चिकटवून माझे पाण्याचे टाके केले. सुई मात्र नवी होती, टंगस्टन नावाच्या कणखर धातूची.

तुम्ही विचाराल, काचेला छिद्र पाडायला एवढा खटाटोप कशाला? लोखंडातून वीज वाहते, म्हणून विजेच्या ठिणगीने लोखंड कोरता येते. काचेतून वीज वाहत नाही. साध्या ड्रिलने बारीक छिद्र पाडायला गेले की काच तडकते. म्हणून माझी रीत वेगळी. काच टाक्यात ठेवायची, त्यात कॉस्टिक सोड्याचे पाणी भरायचे, सुई काचेला जेमतेम टेकवायची आणि वीज सोडायची. सुईच्या टोकाभोवती बुडबुडे जमतात. बुडबुड्यांचे ते वेष्टन भेदून ठिणग्या उडतात, नारिंगी रंगाच्या, मुंगीच्या डोक्याएवढ्या. त्या उष्णतेने काच नरमते आणि कॉस्टिक तिला थोडी थोडी खात जाते. वीज कमी पडली तर काही होत नाही. जास्त झाली तर काच फुटते. सगळी कला त्या मधल्या जागेत आहे.

ती जागा सापडायला दोघांना आठ महिने लागले. फुटलेल्या काचांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा भरला, मग दुसरा. एके दुपारी वंदना अचानक म्हणाली, "काका, पंखा बंद करा जरा."

रुपरावांनी पंखा बंद केला. वर्कशॉप शांत झाले.

"ऐकून पाहा," ती म्हणाली. "आता मशीन एकसारखी चरचर करून राहिली. मघाशी काच फुटली, त्याच्या आधी हा आवाज तुटला होता."

रुपराव वाकले. त्यांनी कान जवळ आणला. "हो वं," ते हळू आवाजात म्हणाले. "बरोबर आहे तुझं. पाहून नाही, ऐकून चालवावं लागते इले."

त्या दिवसापासून दोघे मला ऐकून चालवू लागले. आवाज एकसारखा असला की ठीक. तुटक झाला की वीज कमी करायची. आणि छिद्र खोल गेले की आवाज मंद होतो, कारण तळापर्यंत ताजे पाणी लवकर पोहोचत नाही. तेव्हा काही करायचे नाही, नुसते थांबायचे. हे थांबणेच सगळ्यात अवघड. पण वंदनाला ते जमायचे. माझ्यासमोर ती तासभर स्टुलावर न हलता बसायची. पहिले स्वच्छ छिद्र पडले, तेव्हा तिने ती काच दाराच्या उजेडात धरली आणि रुपरावांच्या हातात दिली.  रुपरावांनी ती पट्टी रुमालात गुंडाळून घरी नेली आणि कौसल्याबाईंना दाखवली, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

मग माझे कौतुक झाले. प्रदर्शनात मला पहिले बक्षीस मिळाले. बाहेरची माणसे येऊन माझे फोटो काढू लागली. आणि बंगळुरूच्या एका संशोधन संस्थेचे पत्र आले. त्यांची तीन माणसे वंदनाचे काम पाहायला येणार होती. त्यांना ते आवडले, तर तिला तिथे पुढच्या संशोधनासाठी जागा मिळणार होती. त्यांनी एक नकाशा पाठवला होता. एका पातळ काचेवर चार ओळी, प्रत्येक ओळीत चार, अशी सोळा छिद्रे हवी होती.

तो २०२० सालचा फेब्रुवारी महिना होता. वंदनाने पाच दिवसांत पंधरा छिद्रे पाडली. सोळावे तिने मुद्दाम त्या दिवसासाठी राखले, म्हणजे पाहुण्यांना काम चालू असताना पाहता येईल. सकाळी तिने सुई लावली, वीज सोडली, आवाज ऐकला. तेवढ्यात गेटवरून निरोप आला की पाहुणे पोहोचले.

"काका, मी त्यायले घेऊन येते," ती म्हणाली. "तुम्ही फक्त लक्ष ठेवा. हात नका लावू."

"जाय तू," रुपराव म्हणाले.

मित्रांनो, पुढे जे घडले ते पाहणारे आम्ही दोघेच होतो. छिद्र खोल गेले होते आणि माझा आवाज मंदावला होता. तो मंदावणे बरोबरच होते. पण रुपराव अस्वस्थ झाले. त्यांना वाटले, पाहुणे येतील आणि मशीन थंड पडलेली दिसेल. पोरीची फजिती होईल. त्यांनी एकदा दाराकडे पाहिले. मग व्होल्टेजचे बटण थोडेसे, अगदी थोडेसे पुढे फिरवले.

माझा आवाज तुटला. सोळाव्या छिद्रापासून एक तडा निघाला आणि काचेच्या दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेला. पाच दिवसांचे काम एका श्वासात दुभंगले.

रुपरावांनी बटण मागे घेतले. अगदी होते तिथे.  दारात पावले वाजली.

वंदना आत आली. तिने काच पाहिली, मग बटण पाहिले. बटण जागेवर होते. तिने पाहुण्यांकडे वळून शांतपणे सांगितले, "सुई टेकवताना माझ्याकडून जास्त दाब पडला असणार. चूक माझी आहे."

रुपरावांचे ओठ हलले. ते मी जवळून पाहिले. पण शब्द बाहेर पडला नाही. पाहुणे सभ्य होते. त्यांनी फुटकी काचसुद्धा भिंगाखाली धरून पाहिली, चांगले दोन शब्द बोलले आणि गेले. ती जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. रुपरावांनी ठरवले होते की सोमवारी सांगू. सोमवारी वंदनाचे डोळे सुजलेले होते, म्हणून म्हणाले, आठवड्याने सांगू. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि कॉलेजला कुलूप लागले.

माझ्या टाक्यात कॉस्टिकचे पाणी तसेच राहिले होते. ते महिनोन्महिने वाळत गेले. माझ्या पायांवर पांढरे कवच चढले, स्क्रू जाम झाला, सुई टोकाशी खाल्ली गेली. कॉलेज पुन्हा उघडले तेव्हा वंदना पदवी घेऊन गावी गेली होती आणि रुपराव निवृत्त झाले होते. कोणी तरी माझा वीजपुरवठ्याचा डबा काढून दुसऱ्या कामाला नेला. मला मोडक्या खुर्च्यांबरोबर मागच्या व्हरांड्यात ठेवले. तिथे कबुतरांचा राबता होता. आपले काम संपले, असे मी धरूनच चाललो होतो.

दोन वर्षांनी रुपराव कसल्याशा कागदावर सही घ्यायला कॉलेजात आले. व्हरांड्यातून जाताना त्यांची नजर माझ्यावर पडली. ते थांबले. उकिडवे बसून त्यांनी माझ्यावरची घाण बोटाने खरवडली. मग विभागप्रमुखांकडे गेले आणि मला घरी नेण्याची परवानगी लेखी घेऊन आले. शहर बसमध्ये मी त्यांच्या मांडीवर होतो, तांदळाच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळलेला. कंडक्टरने विचारले, "काय आहे गा त्याच्यात?"

"मशीन आहे," रुपराव म्हणाले. "काचेत छेद पाडते."

त्या माणसाने मान हलवली आणि पुढे गेला. पण मला किती बरे वाटले म्हणून सांगू! कोणी तरी मला अजून मशीन म्हणत होते.

घरी त्यांनी मला व्हिनेगरने धुतले. पांढरे कवच फसफसत निघाले. दात घासायच्या जुन्या ब्रशने स्क्रूचा एकेक आटा साफ केला, तेल सोडले, नवी सुई बसवली, मोबाईल दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून वीजपुरवठ्याचा डबा जुळवून आणला. कौसल्याबाई स्वयंपाकघरातून पाहत होत्या.

"अजी, रिटायर झाले नं तुम्ही?" त्या म्हणाल्या. "मंग हे काय करून राहिले?"

"असंच," रुपराव म्हणाले. "पडून होती बिचारी."

खरे कारण त्यांनी कौसल्याबाईंनाही सांगितले नव्हते.

वाडीत मला एक नवाच त्रास होता. बाहेरून ट्रक गेला की जमीन हादरायची आणि माझी सुई काचेवर नाचायची. रुपरावांनी त्यावर तोड काढली. गोदामातून ट्रकच्या चाकाची जुनी ट्यूब आणली, तिच्यात अर्धीच हवा भरली, तिच्यावर शहाबादी फरशी ठेवली आणि फरशीवर मला. आता ट्रक गेला तर ट्यूब हादरे पिऊन टाकते आणि मी आपला स्वस्थ उभा. ज्या ट्रकांनी मला छळले, त्यांच्याच ट्यूबने मला आसरा दिला, म्हणून त्यांच्याबद्दलही माझ्या मनात राग नाही.

यंदाच्या हिवाळ्यात शेजारची मोनाली मेश्राम रुपरावांकडे आली. ती रक्ततपासणीच्या एका छोट्या प्रयोगशाळेत काम करते. आपल्या विदर्भात सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार पुष्कळ घरांत आहे. त्या आजारात रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि अंग असह्य दुखते. मोनालीच्या प्रयोगशाळेची माणसे शाळाशाळांत जाऊन मुलांची तपासणी करत.

"काका, आमच्या मशीनची काच फुटली," मोनाली म्हणाली. तिने रुमालातून एक काचेची चकती काढली, रुपयाच्या नाण्याएवढी, तडा गेलेली. "याच्यात इकडून रक्ताचा थेंब जाते, या बारीक वाटेनं वाहते आणि इकडून निघते. कॅमेरा पेशी पाहते. नवीन काच यायले तीन महिने लागते म्हणतात. अन् कुहीचं शिबिर पुढच्या सोमवारी आहे. पाच शाळा आहेत. आता रद्द झालं तं पुढच्या वर्षीच होईन."

"कोरी काच आहे?"

"तीन चकत्या आहेत. बस तीनच."

रुपरावांनी त्या तीन चकत्या हातात घेतल्या. मोनाली गेल्यावर त्यांनी त्या माझ्याशेजारी मांडून ठेवल्या.

पहिली चकती त्यांनी दुसऱ्या दिवशी लावली. फुटली. दुसरी त्याच संध्याकाळी. तीही फुटली. ते मला बंद करून पाटावर बसले, तेव्हा कौसल्याबाईंनी चहा आणून दिला.

"काय झालं?"

"मले आता आवाज ऐकू नाही येत," रुपराव म्हणाले. "तीस वर्षं लेथच्या बाजूला उभा राहिलो. मोठं बोललेलं समजते. पण इचा आवाज बारीक आहे. तो तुटला की मले समजतच नाही."

"मंग कोणाले समजते?"

 चहा पिऊन झाल्यावर रुपरावांनी फोन काढला.

वंदना बुधवारी शाळा सुटल्यावर कुहीहून बसने आली. ती आता तिथल्या शाळेत विज्ञान शिकवत होती. आत येताच तिने मला पाहिले आणि तिचा चेहरा उजळला. माझ्या सांगाड्यावरून तिने हात फिरवला, फरशीखाली वाकून ट्यूब पाहिली आणि हसली. पाच वर्षांनी तो हात मला लागला होता. मी यंत्र असलो तरी मला तो ओळखू आला.

रुपरावांनी तिसरी चकती तिच्यासमोर ठेवली. "एकच राहिली आहे. तू लाव."

तिने हात मागे घेतला. "नाही काका. तुम्ही लावा. मी आवाज ऐकून सांगते."

"लावायलेच खरं कसब लागते. तू लाव."

"माझ्या हाताचा भरवसा नाही," वंदना म्हणाली. ती हे रडत सांगत नव्हती, एखाद्याने आपली उंची सांगावी तसे सांगत होती. "तुमच्यासमोरच तं झालं होतं. माझ्याच हातानं फुटली होती ती काच. तेव्हापासून मी अशा कामाले हात नाही लावला. शाळेत प्रयोग दाखवायचा असला तं बीकर पोरायलेच धरायले लावते."

 कौसल्याबाई दारात परातीत कणीक घेऊन उभ्या होत्या.

"तुझ्या हातानं नाही फुटली," रुपराव म्हणाले.

वंदनाने त्यांच्याकडे पाहिले.

"मी बटण फिरवलं होतं. तू गेटवर गेली होती तेव्हा. आवाज मंदावला, मले वाटलं पाहुण्यायसमोर तुझी मशीन बंद पडलेली दिसन. काच तडकली, मंग मी बटण वापस जागेवर आणलं." ते थांबले. "तू त्यायले म्हणाली, चूक माझी आहे. अन् मी तिथंच उभा होतो."

वंदनाने समोरची चकती बाजूला सरकवली. मग म्हणाली, "त्याच दिवशी सांगतलं असतं तं मी त्यायले म्हटलं असतं, आठ दिवस द्या. मी दुसरी काच करून पाठवली असती."

"हो."

"टाळेबंदीले महिना बाकी होता."

"हो."

"काहून नाही सांगतलं?"

"भेलो," रुपराव म्हणाले. "पहिल्या दिवशी भेलो. मंग जितके दिवस गेले तितकं जड होत गेलं."

तिने आपली पिशवी उचलली. दारातल्या कौसल्याबाईंना नमस्कार केला आणि बाहेर पडली. जाताना तिने माझ्याकडे पाहिले नाही.

कौसल्याबाईंनी परात खाली ठेवली. "हे तुम्ही मले बी नाही सांगतलं," एवढेच त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्या घरात कोणी नीट जेवले नाही.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. रुपरावांनी मोनालीला सांगून टाकले की आपल्याच्याने होणार नाही. ती बिचारी म्हणाली, "जाऊ द्या काका, तुम्ही प्रयत्न तं केला." ती तिसरी चकती न्यायला रविवारी येणार होती.

शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास दार वाजले. वंदना होती. तिच्या पिशवीत तिचा जुना संरक्षक चष्मा आणि रबरी हातमोजे होते.

"मी तुमच्यासाठी नाही आली," ती दारातच म्हणाली. "सोमवारच्या शिबिरात आमची शाळा आहे."

"ये," रुपराव म्हणाले.

"तुमच्यावर राग आहे माझा. तो एवढ्यात नाही जाणार."

"राहू दे. तुझा हक्क आहे."

तिने चष्मा चढवला. "मी मशीन चालवते. तुम्ही ड्रॉपरनं पाण्याची पातळी सांभाळा. पंखा बंद करा."

कौसल्याबाईंनी पंखा बंद केला, खिडकी सताड उघडली आणि घरातला टीव्हीही बंद केला. वंदनाने चकती टाक्यात बसवली. सुई खाली आणताना तिचा हात आधी कापला. तिने हात काढून घेतला, मोजे काढून तळवे पुसले, पुन्हा घातले. दुसऱ्या वेळी सुई काचेला अशी टेकली, की मला वाटले पाखरू बसले. तिने वीज सोडली. नारिंगी ठिणग्या दिसू लागल्या.

पहिले छिद्र सुरू झाले. बाहेरून ट्रक जात होते, ट्यूब त्यांचे हादरे गिळत होती. अर्धा तास गेला. छिद्र खोल गेले आणि माझा आवाज मंदावला. आता खोलीत फक्त श्वास ऐकू येत होते. रुपरावांना माझा आवाज ऐकू येत नव्हता, पण वंदनाचा चेहरा दिसत होता आणि त्यावरून त्यांना कळले की ती जागा आली आहे. त्यांनी ड्रॉपर खाली ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरले. वंदना हलली नाही. ती थांबली. मीही माझ्या गतीने कुरतडत राहिलो. शेवटी सुई पलीकडे निघाली.

दुसरे छिद्र, मग दोन छिद्रांमधली बारीक वाट. दुपारचे जेवण राहिले. चार वाजता वंदनाने चकती काढली, धुतली आणि दारात जाऊन उजेडात धरली. तडा नव्हता. मोनालीला बोलावले. तिने लाल शाईचा एक थेंब पहिल्या छिद्रावर सोडला. ती लाल रेघ चकतीतून सरळ पुढे सरकली आणि दुसऱ्या छिद्रातून बाहेर आली. मोनालीने चकती रुमालात जपून बांधली. कौसल्याबाई म्हणाल्या, "आता सगळे जेवा. सकाळपासून कोणाच्या पोटात काही नाही." वंदना जेवायला थांबली. रुपरावांशी ती फारसे बोलली नाही, पण भाकरीचा दुसरा तुकडा त्यांच्या ताटात तिनेच वाढला.

सोमवारी शिबिर झाले. मी तिथे गेलो नाही, पण माझ्या सुईने कोरलेल्या वाटेने पाच शाळांतल्या मुलांचे रक्त थेंबाथेंबाने वाहिले. काही मुलांना आजार निघाला. औषध वेळेवर सुरू झाले तर त्यांचे दुखणे पुष्कळ कमी होते, असे मोनालीने सांगितले.

पुढच्या रविवारी वंदना पुन्हा वाडीला आली. कोणी बोलावले नव्हते. स्टुलावर बसून ती माझी सुई पुसू लागली आणि पुसता पुसता बोलू लागली.

"आमच्या सातवीत सोनिका नावाची पोरगी आहे, काका. पीटीच्या तासाले म्हणे, पाय दुखतात. महिन्यात चार-पाच दिवस शाळेत येतच नव्हती. मी तिले कामचोर म्हटलं होतं. एकदा वर्गाबाहेर उभं केलं." तिने फडक्याची घडी बदलली. "तिच्या रिपोर्टमध्ये निघालं. सिकलसेल आहे. ती खरंच सांगून राहिली होती."

"मंग?" रुपरावांनी विचारले.

"शुक्रवारी रिपोर्ट हातात आला, तेव्हा तिसरा तास सुरू होता. मी वर्गात गेली, सगळ्या पोरायसमोर तिच्या बाकापाशी उभी राहिली, अन् म्हटलं, सोनिका, तू खरं बोलत होती, मी चुकली. दुसऱ्या दिवसावर नाही टाकलं."

 डोळे पुसायला रुपरावांनी पंचा घेतला, तेव्हा वंदनाने मान माझ्याकडे वळवली, म्हणजे त्यांना संकोच वाटू नये.

तेव्हापासून ती महिन्यातून दोन रविवार येते. कधी मोनालीच्या प्रयोगशाळेचे काम असते, कधी कोण्या कॉलेजचे. काम नसले तर ती रुपरावांना माझा आवाज समजावून सांगते, "आता चरचर आहे, आता मंद झाला," आणि ते डोळे मिटून मान डोलावतात. तिचा राग पुरता गेला की नाही, ते मला ठाऊक नाही. पण कौसल्याबाई आता तिच्यासाठी भाकरी आधीच जास्तीची थापतात.

मित्रांनो, मी फार लोकांचा ऋणी आहे. व्हरांड्यातून उचलणाऱ्या हातांचा, कवच खरवडणाऱ्या ब्रशचा, माझ्यासाठी पंखा बंद ठेवून घामाघूम होणाऱ्या माणसांचा. तुमच्याकडे माझ्यासारखे एखादे यंत्र असेल, तर काम झाले की ते धुवा, पुसा, झाकून ठेवा. एवढ्यावर आम्ही वर्षानुवर्षे राबतो, दुसरे काही मागत नाही. आणि एक गोष्ट तुमच्यासाठी मागतो. त्या फेब्रुवारीत मी सारे पाहिले होते आणि गप्प राहिलो, कारण मला वाचा नाही. माझा तो नाइलाज होता. तुमच्या हातून काही फुटले आणि दुसरे कोणी चूक आपल्यावर घेत असेल, तर तिथेच, त्याच तासाला, तोंड उघडून सांगा. काच पुन्हा आणता येते. पाच वर्षे स्वतःच्याच हाताला भिऊन राहिलेल्या माणसाला ती वर्षे कोणी आणून देत नाही.